दहा मोठे सेल

आमच्या टू-इन-वनला, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या खोक्याला, दहा सेल लागायचे. बॅटरीत घालतात तसले मोठे, पाच-पाचच्या दोन रांगांत. दहा सेल एकदम घेणारं गिऱ्हाईक गावच्या वाण्याने त्याआधी पाहिलं नव्हतं. पहिल्या खेपेला त्याने आईला विचारलं होतं, “नवी होडी काढलीत काय?” आजी त्या खोक्याला बकासुर म्हणायची.

बकासुर आणला मामाने. मामा बोटीवर होता. जयगडच्या खाडीकाठी ज्या घरातलं एकही माणूस बोटीवर नाही असं घर शोधावं लागतं. १९८४ च्या उन्हाळ्यात त्याची बोट अमेरिकेत नेवार्कच्या बंदराला लागली होती, आणि पलीकडच्या न्यूयॉर्कमधल्या कुठल्याशा दुकानातून त्याने हा रुपेरी, सुटकेसएवढा जपानी टेप घेतला. घेतलेली वस्तू धड चालते की नाही हे बोट सुटायच्या आत बघायला हवं. केबिनच्या लोखंडात एफएम धरेना, म्हणून तो रात्री डेकवर गेला, रेडिओ लावला, कोरी कॅसेट घातली, रेकॉर्डचं बटण दाबलं आणि जेवायला गेला. जेवून आल्यावर बाजू उलटली आणि तिथेच गार वाऱ्यात झोपला. कॅसेटवर त्याने बॉलपेनने लिहिलं: ‘टेस्टिंग’.

हिपहॉप आणि त्याचा यंत्रांच्या तालावरचा भाऊ इलेक्ट्रो या प्रकरणातलं माझं सगळं शिक्षण या साठ मिनिटांच्या टेस्टिंगवर झालं आहे.

गावी आल्यावर मामाने पहिल्याच संध्याकाळी पिनेचं तोंड बदलून वायर भिंतीत खुपसली. अमेरिकेतली वीज एकशेवीस व्होल्टची, आपली दोनशेतीस. फुस्स झालं, पडवीभर जळक्या वार्निशाचा वास सुटला आणि ट्रान्सफॉर्मर गेला. सेलवर मात्र टेप ठणठणीत चालत होता. रत्नागिरीला नेऊन नवा ट्रान्सफॉर्मर बसवून घेऊ, हे त्यानंतर पुढची चौदा वर्षं ठरत राहिलं.

म्हणजे जे काय ऐकायचं ते सेलवर. आणि सेल म्हणजे शिधा. शनिवारी अर्धा तास, आवाज मोठा केला की सेल लवकर बसतात म्हणून आवाज बेताचा. बसलेले सेल आजी आमसुलांच्या शेजारी उन्हात वाळत घालायची. मग ते आणखी दोन-तीन गाण्यांपुरते जागे व्हायचे. सेल उतरायला लागले की मोटर मंदावायची आणि गाणं हळूहळू खाली बसत जायचं, माणसाला ग्लानी यावी तसं. काही गाण्यांच्या अशा दोन चाली मला पाठ होत्या, एक भरल्या सेलांची आणि एक उतरत्या. खूप वर्षांनी कळलं की तिकडे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली पोरंही हेच करत होती. वर्गणी काढून सेल आणायचे, आणि ते संपेपर्यंत रस्त्याच्या कोपऱ्यावर नाचायचं.

ब्राँक्समध्ये हिपहॉप जन्मल्याची मूळ कथा आता बऱ्याच जणांना माहीत असते, त्यामुळे थोडक्यात. ११ ऑगस्ट १९७३, १५२० सेजविक ॲव्हेन्यू. शाळा सुरू व्हायच्या आधी बहिणीने पार्टी ठेवली होती, आणि तिचा भाऊ, जमैकाहून आलेला क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजे डीजे कूल हर्क, रेकॉर्डी लावत होता. गाण्यात गायक थांबून नुसता ढोल-बास उरतो त्या तुकड्यावर लोक पेटतात, हे त्याने हेरलं होतं. मग एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्डी घेऊन तो तेवढा तुकडाच पुढे-मागे फिरवत लांबवायला लागला. इथपर्यंत सगळे सांगतात. त्यानंतरची सहा वर्षं मात्र लोक सहसा गाळतात. रॅपची देशभर गाजलेली पहिली तबकडी, शुगरहिल गँगची ‘रॅपर्स डिलाइट’, आली १९७९ मध्ये. तोवर हे संगीत दुकानात मिळतच नव्हतं. पार्टीत कुणीतरी टेप करायचं, त्या कॅसेटची कॅसेट व्हायची, तिची आणखी एक. ब्राँक्समध्ये ओजे नावाच्या भाड्याच्या ऐटबाज गाड्या असत. त्यांचे ड्रायव्हर डीजे ग्रँडमास्टर फ्लॅशच्या कार्यक्रमांच्या कॅसेटी लावून गिऱ्हाइकं खेचायचे. तबकडी निघायच्या आधी या संगीताला घर होतं ते कॅसेटचं, आणि तोंड होतं ते खांद्यावरच्या खोक्याचं.

खोका मुळात युरोपातला. कॅसेट फिलिप्सने १९६३ मध्ये आणली, आणि तीन वर्षांत रेडिओ आणि कॅसेट एकाच पेटीत बसवली. जपान्यांनी मग सत्तरीच्या दशकात तिचं शरीर वाढवलं. दोन स्पीकरचे चार झाले, शार्पच्या जीएफ-७७७ ला तर सहा. नाचणाऱ्या काट्यांचे मीटर आले. कोनिऑनच्या एका मॉडेलला चोरघंटा होती, कुणी उचललं की बोंबलणारी. वस्तू किती मोलाची होती आणि कुठल्या वस्तीत फिरत होती ते एवढ्यावरून कळावं. गोरी वर्तमानपत्रं तिला जे कुत्सित नाव द्यायची ते मी इथे लिहीत नाही. आपल्याकडचा ‘टू-इन-वन’ हा शब्द मला फार आवडतो, हिशोबी माणसाचा शब्द आहे.

आता माझ्या कॅसेटवरचं पहिलं गाणं. पहिल्या काही सेकंदांत निवेदकाच्या बोलण्याचं शेपूट, आणि मग आफ्रिका बंबाटा आणि सोलसॉनिक फोर्सचं ‘प्लॅनेट रॉक’, १९८२ चं.

या गाण्याचा निर्माता आर्थर बेकर. बॉस्टनचा गोरा मुलगा, न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्डींच्या घाऊक व्यापाऱ्याकडे कामाला होता. दुपारी जेवायला तो जवळच्या बागेत बसायचा, आणि तिथे पोरांच्या बूमबॉक्सवर, म्हणजे आपल्या टू-इन-वनवर, ‘ट्रान्स-युरोप एक्सप्रेस’ ऐकू यायचं, असं त्याने पुढे मुलाखतीत सांगितलं आहे. म्हणजे जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या क्राफ्टव्हेर्क या बँडने १९७७ मध्ये काढलेली, युरोपातल्या आलिशान आगगाडीवरची थंडगार धून, सरकारी चाळींच्या सावलीत. ‘प्लॅनेट रॉक’मध्ये ती धून जॉन रोबीने कीबोर्डवर नव्याने वाजवली आहे, आणि तालाचा सांगाडा क्राफ्टव्हेर्कच्याच ‘नंबर्स’वरून घेतला आहे. ताल वाजवायचं यंत्र यांच्याकडे नव्हतंच. ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकात एका माणसाची जाहिरात होती: तालयंत्र आहे, वीस डॉलरला येऊन वाजवून देईन. तो आला. त्याचं यंत्र होतं रोलंडचं टीआर-८०८.

८०८ बद्दल मी पानंच्या पानं लिहू शकतो, घरच्यांना ते अनुभवाने माहीत आहे. १९८० ते १९८३ इतकीच वर्षं ते बनलं, सुमारे १२,००० नग. त्याच काळातलं लिन कंपनीचं यंत्र खऱ्या ढोलांचे नमुने साठवून वाजवायचं आणि त्याची किंमत पाच हजार डॉलरच्या घरात होती. ८०८ ची किंमत बाराशेच्या आत, आणि त्यात खरा ढोल कुठेच नव्हता. सगळे आवाज विजेच्या मंडलातून पिकवलेले. टाळी टाळीसारखी नव्हती, कौबेल, म्हणजे गाईच्या गळ्यातली घंटा, तर पितळी वाटीवर चमचा मारावा तशी. त्याचा तो चरचरता आवाज यावा म्हणून रोलंडच्या इकुतारो काकेहाशींनी मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर वापरले होते. पुढे ट्रान्झिस्टरची प्रत सुधारली, सदोष माल मिळेनासा झाला आणि यंत्र बंद पडलं. चांगल्या मालाअभावी बंद पडलेले कारखाने मी पाहिले आहेत. हे उलटं उदाहरण एवढं एकच.

या यंत्राच्या खालच्या कडेला सोळा बटणं असतात. चार लाल, चार नारिंगी, चार पिवळी, चार पांढरी. ज्या मात्रेवर आघात हवा ते बटण दाबायचं. मी हा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा हसलोच. सोळा मात्रा, चारचे चार विभाग. तीनताल!

पण हे मला सांगणारा पहिला माणूस फोटोच्या कितीतरी आधी भेटला होता. आमच्या वाडीत भजनात पखवाज वाजवणारे बुवा होते. एका शनिवारी ते पडवीवर सुपारी कातरत बसले होते आणि ‘टेस्टिंग’ लागलेली. पोरांचं काहीतरी खूळ म्हणून दुर्लक्ष करतील असं वाटलं होतं. थोड्या वेळाने बघतो तर बोटं मांडीवर चाललेली. आठ-आठ मोजत होते. मग म्हणाले, “वाजवणारा चांगला हाय. मोकळी जागा सोडतोय.” मामा म्हणाला, बुवा, ते मशीन आहे. बुवा म्हणाले, “मग मशीनला कुणीतरी शिकवलंय.”

मोकळी जागा. पुढे चाळीस वर्षं मी या संगीतावर जे जे वाचलं, त्यात याहून नेमकं मला कुणी सांगितलं नाही. त्या काळच्या चांगल्या इलेक्ट्रोत एक ठोका पडतो, आणि मग काही नसतं. त्या ‘काही नसण्यात’ रस्ता ऐकू येतो. हे संगीत उघड्यावर वाजायचं होतं, गाड्या, पोरं, कुत्री, वरून जाणारी रेल्वे या सगळ्यांत. गच्च भरलेलं वाद्यवृंदाचं गाणं तिथे चिखल होतं. ठोका, मोकळीक, टाळी, मोकळीक, असं असेल तर चौकाच्या पलीकडेही कळतं काय चाललंय ते.

बासचीही एक गंमत आहे. ८०८ चा तो खोल ‘धूम’ साधारण ५० हर्ट्झच्या आसपास असतो. प्लॅस्टिकच्या पेटीतल्या वीतभर स्पीकरला तो धड काढताच येत नाही. तरी आपल्याला तो ऐकू येतो, कारण स्पीकर आणि कॅसेट दोन्ही ताणले गेले की मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर उमटतात, आणि तेवढ्या खुणांवरून मेंदू खालचा सूर स्वतः भरून घेतो. लहानशा ट्रान्झिस्टरवर तबल्याचा डग्गा कळतो तोही थोडाफार असाच. पुढे नोकरी लागल्यावर मी चांगले स्पीकर घेतले, सबवूफर घेतला, आणि ‘प्लॅनेट रॉक’ लावलं. जमीन हादरली. पण माझ्या डोक्यातला जो बास होता, जो मी स्वतः बनवला होता, तो गेला. सबवूफर मी दोन वर्षांत विकून टाकला.

कॅसेटवरचं दुसरं लाडकं म्हणजे रन-डीएमसीचं ‘सकर एमसीज’, १९८३. लॅरी स्मिथ नावाच्या गुणी संगीतकाराने त्यात काय वापरलं? एक ओबरहाइम डीएमएक्स तालयंत्र. टाळ्या. थोडं स्क्रॅचिंग, म्हणजे सुईखाली तबकडी पुढे-मागे घासणं. बस. सुरावट नाही, बासची ओळही नाही. आधी रन, शेवटी डीएमसी, आपापली कडवी बोलतात, आणि मागे नुसता ताल. त्याआधीचे रॅपवाले झगमगीत कपडे घालून डिस्कोच्या वाद्यवृंदावर म्हणायचे. यांनी घरातलं सगळं सामान बाहेर काढून रिकाम्या खोलीत उभं राहावं तसं केलं. बूमबॉक्सवर यापेक्षा चांगलं वाजणारं गाणं मला माहीत नाही.

‘जॅम ऑन इट’ हे न्यूक्लियसचं, १९८४ चं. ब्रुकलिनमधले एकमेकांचे नातलग, गल्लीतल्या पार्ट्यांत वाजवणारे. आवाज जलद फिरवून चिमखड्या पोरांसारखे केलेले, आणि खाली लोळत चाललेला बास. आमच्या घरात हे एकमेव गाणं आजीला चालायचं. उंदीर बोलतायत म्हणायची.

इजिप्शियन लव्हर लॉस एंजलिसचा, ‘इजिप्ट, इजिप्ट’ १९८४ चं. तिकडच्या मोठ्या हॉलमधल्या नाचांचं संगीत, मला थोडं चोपडं वाटतं. मॅन पॅरिशचं ‘हिप हॉप, बी बॉप’ छान, पण फार वेळ चालतं. ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्हच्या ‘द मेसेज’बद्दल माझं मत ऐकून लोक चिडतात. १९८२ मध्ये पडक्या वस्तीतलं जगणं इतक्या थेट शब्दांत मांडणारं ते गाणं थोर आहेच, पण ते मला घरात, एकट्याने ऐकावंसं वाटतं. खांद्यावर घेऊन चालावंसं वाटत नाही. डेट्रॉइटच्या सायबोट्रॉनचं ‘क्लिअर’, १९८३, मात्र चालतानाच ऐकावं. हुआन ॲटकिन्स आणि व्हिएतनामच्या लढाईतून परतलेला रिक डेव्हिस यांनी मोटारींचे कारखाने ओस पडत चाललेल्या शहरात बसून केलेलं. त्यात माणूस जवळपास नाहीच, रात्रपाळीची यंत्रं तेवढी चालू आहेत. टेक्नो या यंत्रसंगीताची सुरुवात इथून मोजतात. आणि मँट्रोनिक्सचं ‘बेसलाइन’, १९८५. कर्टिस मँट्रोनिकला ८०८ जितकं कळलं तितकं फार थोड्यांना. तो बटणं दाबत नव्हता, बोल म्हणत होता.

१९८५ च्याच अखेरीस एलएल कूल जेचा ‘रेडिओ’ आला. पोरगा सतरा वर्षांचा. मुखपृष्ठावर त्याचा चेहरासुद्धा नाही, जेव्हीसीचा आरसी-एम९० बूमबॉक्स आहे, अख्खं पान भरून. पहिलंच गाणं रेडिओशिवाय मला जगता येत नाही म्हणणारं. निर्माता रिक रुबिनच्या श्रेयात ‘निर्मिती’ऐवजी छापलं होतं: ‘रिड्यूस्ड बाय’. कमी केलं, आटवलं. आमच्या बुवांनी यावर ओळखीने मान डोलावली असती.

आणि आता मुंबई. मला ही गोष्ट २०१० नंतर कळली आणि दोन दिवस झोप लागली नाही. चरणजित सिंग नावाचे हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत वाजवणारे वादक होते. त्यांनी रोलंडची तीन यंत्रं घेतली: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीबी-३०३ हे बासचं यंत्र आणि हेच टीआर-८०८. १९८२ मध्ये, ज्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये वीस डॉलरवाला माणूस आपलं यंत्र घेऊन स्टुडिओत शिरला त्याच वर्षी, मुंबईत या गृहस्थाने ८०८ वर डिस्कोचा ठेका लावला आणि त्यावर भैरव, ललत, तोडी, मधुवंती, मालकंस असे दहा राग वाजवले. एचएमव्हीने तबकडी काढली. खपली नाही. पुढे एका डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली, त्याने २०१० मध्ये ती पुन्हा काढली, आणि परदेशातली मंडळी थक्क झाली, कारण ॲसिड हाउस म्हणून शिकागोत काही वर्षांनी जे नाचाचं यंत्रसंगीत उगवलं त्याच्याशी तिचं रूप मिळतंजुळतं होतं. सिंग २०१५ मध्ये वारले. मी ती तबकडी बकासुरावर वाजावी म्हणून कॅसेटवर उतरवून घेतली आहे. खरं सांगायचं तर तिच्यात मोकळी जागा कमी आहे. राग थांबतच नाही. पण भैरवाखाली ते पितळी वाटीवरचं टणटण ऐकलं की मला आमची पडवी आणि मामाची बोट एकाच वेळी दिसतात.

खांद्यावरच्या खोक्यांचा काळ फार टिकला नाही. १९७९ मध्ये वॉकमन आला होताच. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत तो सगळ्यांच्या कमरेला आला. न्यूयॉर्कच्या सबवेत हेडफोनशिवाय रेडिओ लावणं नियमाविरुद्ध होतं. संगीतही बदललं. सॅम्पलिंगची यंत्रं स्वस्त झाली आणि एका गाण्यात दहा गाण्यांचे तुकडे बसायला लागले. १९८९ मध्ये स्पाइक लीच्या ‘डू द राइट थिंग’मध्ये रेडिओ रहीम प्रचंड खोका घेऊन ब्रुकलिनच्या उन्हात फिरतो, दुकानात वीस मोठे सेल मागतो, आणि पुढे पिझ्झाचं दुकान चालवणारा त्याचा खोका बॅटने फोडतो. मी तो सिनेमा मुंबईत व्हिडिओ कॅसेटवर पाहिला. वीस सेल ऐकल्यावर मला आजीच आठवली.

आवाजाचा त्रास होतो हे मला कळतं. आमच्या शेजारच्या घरात दम्याने आजारी म्हातारी होती, आणि तिचा मुलगा येऊन हात जोडून उभा राहिला त्या शनिवारी मला पहिल्यांदा लाज वाटली. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींनी माझ्याही छातीत कालवतं. फरक एवढाच वाटतो की बूमबॉक्सवाल्याच्या कानाला तो सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त लागायचा. वजनही त्यालाच. भिंत लावणारा भिंतीमागे असतो.

मामा निवृत्त झाल्यावर बकासुर माझ्याकडे पुण्याला आला. गेल्या वर्षी उघडून घेतला. आतल्या रबरी बेल्टचं डांबर झालं होतं, बोटांना लागलं की साबणाने जाईना. दुरुस्तीवाल्याने बेल्ट बदलला, फुगलेले कपॅसिटर काढले, हेड स्पिरिटने पुसलं, आणि न विचारता नवा ट्रान्सफॉर्मरही बसवून दिला. आता तो भिंतीतल्या विजेवर चालतो. मी सेलच घालतो.

एक गाणं राहिलं. ‘टेस्टिंग’च्या पहिल्या बाजूचं शेवटचं. त्यात शब्द जवळजवळ नाहीतच, म्हणून ते कुणाचं हे शोधायला काही धागाच नव्हता. ८०८ चे ठोके आणि वर रिकाम्या जिन्यातून पावलं उतरावीत तशी एक सुरावट. सत्तावीस वर्षं मी ते लोकांना तोंडाने वाजवून दाखवत होतो. २०११ मध्ये यूट्यूबवर दुसरंच काही ऐकताना शेजारच्या यादीत सापडलं: हाशिमचं ‘अल-नाफिश’, १९८३, न्यूयॉर्कच्या कटिंग रेकॉर्ड्सची पहिली तबकडी. कंसात लिहिलेला अर्थ: आत्मा. गावातल्या माझ्या मुसलमान मित्राला फोन केला तर म्हणाला, नफ्स म्हणायचं असेल रे त्याला.

तेव्हा मी ते गाणं पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. मामाच्या कॅसेटवर ते अर्धंच आहे, रीळ तिथे संपलं. सुरावट तिसऱ्यांदा वर चढते, एक टाळी पडते, आणि बकासुराचं बटण आपोआप वर उडतं. गाण्याचा पुढचा भाग चांगला आहे, निर्दोष आहे. पण अजूनही ती टाळी पडली की माझा हात बाजू उलटायला पुढे जातो.